गोतावळ्याचा धंदा



गेल्या महिन्यात वाशिंदला आपल्या गटाची बैठक झाली. विषय एकच होता, अंक छापायचा की नाही. कागद महागला, टपालखर्च वाढला, वर्गणी वेळेवर येत नाही, हे रडगाणे तुम्हांला नवीन नाही. पण या वेळी कॉलेजात शिकणाऱ्या एका मैत्रिणीने सरळच विचारले, “छापायचा कशाला? फेसबुकवर पान काढू, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू. एक पैसा लागणार नाही.” बऱ्याच माना हलल्या. माझीही हलली, खोटे कशाला बोलू? तेवढ्यात आसनगावहून आलेल्या, दाराशी बसलेल्या मावशी म्हणाल्या, “फुकट देतो, मग तो खातो काय? त्याला पोट नाही का?”

सगळ्या हसल्या आणि चहा आला. मी मात्र तो प्रश्न घरी घेऊन आले.

कारण गेली वीस वर्षे मोठमोठे पैसेवालेही हेच विचारत आले आहेत. लोकांच्या गप्पा, बारशाचे फोटो, वाढदिवसाच्या शुभेच्छा, यांतून नफा निघतो का? उत्तर लगेच मिळाले नाही. फेसबुक २००४ मध्ये सुरू झाले, पण त्याचा खर्च भागायला २००९ उजाडले. त्याच २००४ मधले ऑर्कुट आपल्याकडच्या मुलामुलींत भलतेच गाजले आणि ३० सप्टेंबर २०१४ ला बंद पडले. ट्विटर २००६ चे, त्याने पूर्ण वर्षाचा नफा पहिल्यांदा पाहिला तो २०१८ मध्ये. भारतीय भाषांत चालणाऱ्या ‘कू’ने २०२० मध्ये दुकान मांडले आणि जुलै २०२४ मध्ये गाशा गुंडाळला. म्हणजे हा धंदा सगळ्यांना फळत नाही. जिथे आधीच गर्दी आहे तिथेच आणखी गर्दी जाते, बाकीच्यांचे दिवे विझतात. पण ज्याला फळतो त्याला किती! फेसबुकची मालक कंपनी मेटा हिचे २०२३ चे उत्पन्न सुमारे १३,४९० कोटी डॉलर होते आणि नफा ३,९०० कोटी डॉलरच्या वर. उत्पन्नाच्या दर शंभर रुपयांतले सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव जाहिरातींचे. तर मावशी, त्याला पोट आहे, आणि ते जाहिरातीवर भरते.

जाहिरात म्हणजे तरी काय? आपण कुठे थांबलो, काय पाहिले, किती वेळ पाहिले, कोणाशी आपला घरोबा आहे, याची नोंद होते. मग साबणवाला, कर्जवाला, गोरेपणाच्या क्रीमवाला पैसे मोजतो, ते नेमक्या आपल्यासारखीच्या डोळ्यांपुढे येण्यासाठी. दुकानात आपण गिऱ्हाईक असतो. इथे आपण फळीवर मांडलेला माल आहोत.

एक हिशोब मी वहीत मांडून पाहिला. फेब्रुवारी २०१४ मध्ये फेसबुकने व्हॉट्सअ‍ॅप विकत घेतल्याचे जाहीर केले. किंमत १,९०० कोटी डॉलर. तेव्हा ते वापरणारे होते ४५ कोटी लोक, आणि कंपनीत नोकरीला होती फक्त पंचावन्न माणसे. किंमतीला माणसांनी भागा. डोईमागे बेचाळीस डॉलर येतात, त्या वेळच्या भावाने अडीच हजार रुपयांच्या वर. हा आकडा मी गटात सांगितला तेव्हा एकजण पटकन म्हणाली, “मग माझे अडीच हजार कुठे गेले?” पुन्हा हशा. पण प्रश्न बिनतोड आहे. पंचावन्न माणसांनी ते यंत्र बनवले आणि सांभाळले, हे कबूल. पण त्या यंत्रात जीव कोणी ओतला?

आपण आजवर काय म्हणत आलो? घरात जे काम होते त्याला दाम नाही म्हणून ते काम नाही असे मानतात. नाती राखणे हे त्यातलेच काम. कोणाच्या घरी आजारपण आहे, कोणाची डिलिव्हरी जवळ आली, कोणत्या नणंदेचा रुसवा काढायचा राहिला, आहेराच्या यादीत कोणाचे नाव सुटले, हे सारे बाईने लक्षात ठेवायचे. आता नातेवाइकांचा ग्रुप, मुलाच्या शाळेचा ग्रुप, सोसायटीचा ग्रुप यांतही तीच बाई सकाळी कुकर लावता लावता उत्तरे देते. कसारा लोकलच्या लेडीज डब्यात हळदीकुंकू होते, भिशी लागते, भाजी निवडून होते. आमच्यासाठी ती सोबत आहे. पण तोच गोतावळा मोबाइलमध्ये गेला की तो कोणाचे तरी भांडवल होतो.

आपल्या शहापूर तालुक्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. भातसा आणि तानसा आपल्या तालुक्यात, पाणी मुंबईला, आणि उन्हाळ्यात आपल्याच पाड्यांवरच्या बाया टँकरची वाट पाहत हंडे रांगेत लावून बसतात. पाणी नेऊ नका असे आपण कधी म्हटले नाही. मुंबईतल्या बाईलाही तहान आहे. आपला वाटा काय, एवढेच विचारले.

नफ्याच्या हिशोबात न येणारा खर्च आणखी एक. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षेकरी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठेचून मारले. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असे निरोप मोबाइलवरून फिरत होते. त्याच महिन्यात कंपनीने भारतात निरोप एका वेळी फक्त पाच ठिकाणी पुढे ढकलता येईल अशी मर्यादा घालण्याचे जाहीर केले. ती आधी का घातली नाही? निरोप जितका पसरेल तितके लोक गुंततात आणि लोक गुंतले तरच धंदा वाढतो, हे त्याचे उत्तर असावे असे मला वाटते. ती पाच कुटुंबे कुठल्याच ताळेबंदात नाहीत.

आणि आपल्या घरातलेही सांगते. दोन वर्षांपूर्वी मारहाणीला कंटाळलेल्या एका मैत्रिणीने रात्री आपल्या ग्रुपवर सारे लिहिले. सकाळपर्यंत ते सासरच्यांच्या मोबाइलवर होते. ते आपल्यातल्याच कोणाच्या तरी हातून गेले, यंत्राला बोल लावण्यात अर्थ नाही. पण बैठकीत बोललेला शब्द असा सही-शिक्क्यासह घराबाहेर पडत नाही. त्या मैत्रिणीने आमच्याकडे येणे सोडले. मी दोनदा तिच्या दारावरून परत आले आहे.

तरी मोबाइल फेकून द्या असे मी म्हणणार नाही. २०२० च्या टाळेबंदीत कोणाच्या घरात शिधा संपला हे आम्हांला त्याच ग्रुपवर कळले. नाचणीचे पापड विकणाऱ्या आपल्या दोघीतिघींची गिऱ्हाइके तिथूनच येतात. आणि नफा हा शब्दही मला विटाळाचा वाटत नाही. १५ मार्च १९५९ ला गिरगावात सातजणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले, त्याचा लिज्जत झाला. तिथे शेजारपणातूनच धंदा उभा राहिला, पण लाटणारी बहीण मालकीण राहिली आणि नफा-तोटा तिच्या वाट्याला आला. १९९२ मध्ये नाबार्डने पाचशे बचत गट बँकांशी जोडायला घेतले, तेव्हाही तारण काय होते? एकमेकींची ओळख. व्याज गटाच्या पेटीत पडत होते आणि पेटीची किल्ली बायकांकडे होती. मोबाइलवरच्या गोतावळ्याची किल्ली आपल्याकडे नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या संस्थापकांनी २०१२ मध्ये लिहून सांगितले होते की आम्ही जाहिराती विकणार नाही. मालक बदलला, ते दोघेही बाहेर पडले आणि जून २०२५ मध्ये तिथे जाहिराती येणार असे कंपनीने जाहीर केले. आपल्याला कोणी विचारले?

फेसबुकवर पान काढले तर तेही याच घरात भाड्याने राहणे. लिहिलेले सगळ्या वाचकांपर्यंत पोचतेच असे नाही, पोचवायचे तर पैसे भरा. आज भाडे नाही म्हणून उद्या नसेल असे नाही, आणि वाचकांची यादी घरमालकाकडे.

म्हणून दुसऱ्या बैठकीत वाद बराच झाला, आणि ठरले ते असे. अंक छापायचा, पाने मात्र आठ कमी. ग्रुपवर फक्त बैठकीची तारीख, वेळ, मदतीचे फोन. कोणाचीही तक्रार, नाव, फोटो तिथे नाही, त्यासाठी समोर येऊन बोलायचे. कॉलेजातल्या मैत्रिणीला हे पटलेले नाही. “तुम्ही म्हाताऱ्या भित्र्या आहात,” असे ती म्हणाली. तिने आपली बाजू पुढच्या अंकात सविस्तर लिहावी असे ठरले आहे, आणि मी त्यातला एकही शब्द कापणार नाही. तुम्हीही पत्रे पाठवा, पोस्टकार्ड चालेल.

वर्गणीचे पावतीपुस्तक मावशींनी मागून घेतले आहे. आसनगाव ते आटगाव त्या स्वतः फिरणार आहेत.