काचेचे भांडे बरणीच्या जागी ठेवा, तव्याच्या नव्हे

सोलापूर-तुळजापूर महामार्गावरच्या तामलवाडीसारख्या गावात आता काचेच्या भांड्यांचा संच घ्यायला सोलापूरच्या बाजारात जावे लागत नाही. मोबाइलवर ऑर्डर दिली की पार्सल येते. लग्नाच्या आहेरात, दिवाळीच्या भेटीत, भिशीच्या बक्षिसात 'बेकिंग डिश' आणि झाकणाचे काचेचे डबे दिसू लागले आहेत. खोक्यावर चित्र केकचे असते. खोके उघडते त्या घरात मात्र बहुतेक वेळा ओव्हन नसतो. गॅसची शेगडी असते, मागच्या अंगणात चूल असते आणि दिवसभरात कधी वीज जाईल याचा नेम नसतो.

मग त्या भांड्याचे दोनच प्रकारे होते. एक तर ते शोकेसमध्ये जाऊन बसते, नाही तर कोणीतरी हौसेने ते थेट गॅसवर चढवते. पहिल्यात पैसे वाया जातात, दुसऱ्यात हात भाजतो किंवा कापतो.

काच घरात आणावी की नाही, या प्रश्नाचे उत्तर 'आणावी' असेच आहे. पण ती कशाच्या जागी आणायची, हे आधी ठरवले पाहिजे. काचेचे भांडे हे तव्याचे किंवा कढईचे भावंड नाही. ते आजीच्या लोणच्याच्या बरणीचे वारस आहे.

बरणीची जागा रिकामी का झाली?

जुन्या स्वयंपाकघरात कोणता पदार्थ कोणत्या भांड्यात, हे ठरलेले होते. लोणचे चिनी मातीच्या बरणीत. दही गाडग्यात. वेळ अमावस्येची आंबील मडक्यात. चिंचेचे सार पितळेच्या पातेल्यात करायचे, पण त्याला कल्हई असलीच पाहिजे. यामागचे कारण साधे आहे. आंबट पदार्थातले आम्ल धातूशी क्रिया करते. चव बिघडते, रंग बदलतो आणि धातूचा अंश अन्नात उतरतो.

पुढे कल्हईवाल्याची फेरी कमी झाली. बरणी जड म्हणून माळ्यावर गेली. तिच्या जागी हलके 'जर्मनचे' पातेले, म्हणजे ॲल्युमिनियम आले आणि त्यानंतर प्लॅस्टिकचा डबा. आता रात्रीची आंबट आमटी त्याच जर्मनच्या पातेल्यात सकाळपर्यंत राहते. लोणचे तेलाच्या रिकाम्या प्लॅस्टिक बरणीत भरले जाते.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये जाहीर केलेल्या आहार मार्गदर्शिकेत याच सवयीवर बोट ठेवले आहे. चटणी, सांबार यांसारखे आंबट पदार्थ ॲल्युमिनियम, लोखंड किंवा कल्हई नसलेल्या पितळ-तांब्याच्या भांड्यात साठवू नयेत, असे ती सांगते. आजीला हे पुस्तक न वाचता ठाऊक होते.

काच इथेच कामाची आहे. तिच्यावर चिंच, लिंबू, दही, मीठ यांचा परिणाम होत नाही. हळदीचा डाग आणि लसणाचा वास ती धरून ठेवत नाही. आत काय आणि किती उरले आहे, ते झाकण न उघडता दिसते. स्टीलही चांगलेच आहे, पण मीठ आणि आंबट एकत्र महिनोन्महिने राहिले तर स्टीललाही बारीक खड्डे पडतात. म्हणून रोजच्या भाजीला स्टील ठीक, वर्षाच्या लोणच्याला काच किंवा चिनी माती बरी.

काच का तडकते? उत्तर कंदिलात आहे

ज्यांच्या घरात कंदील होता, त्यांना हे सांगावे लागणार नाही. तापलेल्या काचेवर पावसाचे दोन थेंब पडले की ती तड्‌कन जायची. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीत तयार होणारा प्रभाकर कंदील महाराष्ट्रात घरोघरी होता आणि काच जपून पुसायची शिस्तही त्याच्यासोबत होती.

काच तापली की प्रसरण पावते, गार झाली की आकसते. ती उष्णता भराभर पसरवत नाही. त्यामुळे एक भाग गरम आणि शेजारचा गार राहिला तर दोन्हींची ओढाताण होते आणि काच तडकते. म्हणजे काच फोडते ती नुसती उष्णता नाही. तापमानातला अचानक फरक तिला फोडतो.

हीच अडचण रेल्वेच्या सिग्नलच्या कंदिलांना होती. आत ज्योत, बाहेर पाऊस आणि बर्फ. त्यासाठी अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीने कमी प्रसरण पावणारी काच तयार केली. त्याआधी जर्मनीत ओटो शॉट यांनी वाळूत बोरॉनचे संयुग मिसळून अशी काच घडवली होती. तिला बोरोसिलिकेट म्हणतात. तापल्यावर ती साध्या काचेच्या साधारण एक तृतीयांशच फुगते. १९१३ मध्ये कॉर्निंगमधले शास्त्रज्ञ जेसी लिटलटन यांच्या पत्नी बेसी यांनी याच प्रकारच्या काचेच्या बॅटरीच्या भांड्याचा कापलेला तळ घेऊन त्यात केक भाजला. १९१५ मध्ये 'पायरेक्स' नावाने भांडी बाजारात आली. आपल्याकडे १९६२ मध्ये मुंबईत सुरू झालेली बोरोसिल कंपनीही आधी कॉर्निंगच्या सहकार्याने प्रयोगशाळेची काच करत होती. शाळेच्या प्रयोगशाळेत बर्नरवर ठेवलेले चंचुपात्र आठवत असेल, तर ती हीच काच.

इथे एक शंका हमखास येते. चंचुपात्र बर्नरवर चालते, मग बेकिंग डिश गॅसवर का नाही? कारण चंचुपात्राची काच पातळ असते, शिवाय खाली तारेची जाळी असते. त्यामुळे उष्णता सगळीकडे बऱ्यापैकी सारखी पोहोचते. बेकिंग डिशचा तळ जाड असतो. गॅसची ज्योत एका कड्यापुरती तापवते, बाकीचा भाग गारच राहतो. मग ओढाताण होणारच.

'ओव्हनसेफ' दोन प्रकारची असते

बाजारात स्वयंपाकाची काच मुख्यतः दोन प्रकारची मिळते. एक बोरोसिलिकेट. दुसरी साधी सोडा-चुन्याची काच, पण तापवून झटकन गार करून कडक केलेली. तिला 'टफन्ड' किंवा 'टेम्पर्ड' म्हणतात. पडली, आपटली तर ही दुसरी काच जास्त तग धरते. पण गरम-गारचा फटका बोरोसिलिकेट अधिक सहन करते. फुटण्याची रीतही वेगळी आहे. बोरोसिलिकेटचे मोठे तुकडे होतात, कडक केलेली काच एकदम असंख्य बारीक तुकड्यांत विखुरते.

नाव ओळखीचे म्हणून काच तीच असेल असेही नाही. पायरेक्स याच नावाची स्वयंपाकाची भांडी आज अमेरिकेत कडक केलेल्या सोडा-चुना काचेची असतात, तर युरोपात बोरोसिलिकेटची. काउंटरवरच्या किंवा मोबाइलच्या पडद्यावरच्या ग्राहकाला नुसते पाहून फरक कळत नाही. म्हणून खरेदीच्या वेळी 'ओव्हनसेफ आहे का' एवढेच विचारून थांबू नका. 'काच कोणती' हेही विचारा.

घरात काय करावे, काय टाळावे

गॅस आणि चूल: बेकिंग डिश थेट आचेवर ठेवू नका. इंडक्शनवर तर ती तापणारही नाही.

कुकर किंवा कढईतला केक: खाली मीठ किंवा वाळू घालून केक करण्याची पद्धत आपल्याकडे रुळली आहे. त्यात काच घालू नका. तळ जोरात आणि असमान तापतो. तिथे ॲल्युमिनियमचा टिनच योग्य. केक आंबट नसतो आणि त्यात फार वेळ राहतही नाही.

ओटीजी: ओव्हन आधी तापू द्या, मग डिश ठेवा. सुरुवातीला कॉइल लाल होऊन थेट आच मारते, ती काचेला सोसत नाही. फ्रीजमधून काढलेली डिश तशीच आत सरकवू नका. काच हळू तापते, पण उष्णता धरून ठेवते. म्हणून टिनसाठी सांगितलेल्या तापमानापेक्षा साधारण १५ अंश सेल्सिअस कमी ठेवा. मध्येच वीज गेली तर दार बंद ठेवा. काचेतल्या उष्णतेवर पदार्थ थोडा वेळ शिजत राहतो.

मायक्रोवेव्ह: काच उत्तम, पण सोनेरी काठाची नको. डब्याचे झाकण घट्ट लावून गरम करू नका, वाफ कोंडते.

बाहेर काढल्यावर: तापलेली डिश कडप्प्याच्या ओल्या ओट्यावर टेकवू नका. कोरडे जाड फडके किंवा पोळपाट वापरा. नळाखाली धरायची घाई करू नका.

उरलेले अन्न: उन्हाळ्यात इथे भात-आमटी लवकर उतरते. खोल भांड्यापेक्षा उथळ काचेच्या डब्यात काढा, लवकर निवते. मग दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा.

तेल, तिखट, शेंगाची चटणी: काच पारदर्शक असते हा इथे दोष आहे. उजेडाने तेल खवट होते, तिखटाचा रंग उतरतो. करडईचे तेल, कारळाची आणि शेंगाची चटणी काचेत ठेवा, पण कपाटाच्या अंधारात.

भाकरी: काचेच्या बंद डब्यात तिला पाणी सुटते. तिची जागा फडक्यात आणि दुरडीतच.

धुणे: तारेची घासणी नको. ओरखडा आणि टवका ही पुढच्या तड्याची सुरुवात असते. कडेचा टवका उडालेली डिश ओव्हनमध्ये पुन्हा घालू नका. बोअरच्या जड पाण्याचा पांढरा थर लिंबाच्या सालीने निघतो.

फुटते, हे खरेच आहे

काचेविरुद्धचा सर्वांत जुना आक्षेप बरोबर आहे. ती फुटते, जड असते, महाग पडते. शेतावर जाणारा डबा स्टीलचाच हवा. लहान मुलाच्या हाताशी येणाऱ्या फळीवर काचेचा डबा नको. संपूर्ण स्वयंपाकघर काचेचे करण्याची गरज कोणालाच नाही.

गावात आणखी एक प्रश्न आहे, जो खोक्यावरच्या चित्रात कधी दिसत नाही. फुटलेली काच जाते कुठे? बऱ्याचदा उकिरड्यावर. उकिरड्याचे खत होते, खत शेतात जाते आणि पुढे अनवाणी पायात किंवा जनावराच्या खुरात तीच काच रुतते. बोरोसिलिकेट तर बाटल्यांच्या काचेसोबत वितळवताही येत नाही, तिला जास्त तापमान लागते. म्हणून फुटलेले तुकडे जाड कागदात गुंडाळून, खोक्यात बंद करून, वर 'काच' लिहून वेगळे द्यावेत. ग्रामपंचायतीने महिन्यातून एकदा फक्त काच गोळा केली, तर खर्च फारसा नाही आणि अनेक पाय वाचतील.

खोक्यावर मराठीत लिहा

सगळी जबाबदारी गृहिणीवर टाकून चालणार नाही. वेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांनुसार खोक्यावर उत्पादकाचे नाव-पत्ता, कमाल किंमत, महिना-वर्ष, तक्रारीसाठी संपर्क छापावा लागतो. काचेचा प्रकार त्या यादीत नाही. मजकूर हिंदीत किंवा इंग्रजीत असला तरी पुरतो. परिणामी 'थेट आचेवर ठेवू नका' ही सर्वांत महत्त्वाची सूचना अनेकदा बारीक इंग्रजीत तळाशी असते आणि जिला ती वाचायची आहे तिच्यापर्यंत पोहोचत नाही.

मागणी तीनच गोष्टींची आहे. काच बोरोसिलिकेट की टफन्ड, हे ठळक लिहावे. गॅस, ओव्हन, मायक्रोवेव्ह, फ्रीजर यांची चालते-चालत नाही अशी चिन्हे भांड्याच्या तळाशीच उमटवावीत, कारण खोके पहिल्याच दिवशी रद्दीत जाते. आणि महाराष्ट्रात विकायच्या मालावर सूचना मराठीत असावी. यात कारखानदाराला मोठा खर्च नाही.

तोवर ग्राहकाच्या हातात एक गोष्ट आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार वापराची पुरेशी सूचना किंवा इशारा न दिल्यामुळे इजा झाली, तर उत्पादकाला जबाबदार धरता येते. त्यासाठी बिल आणि खोक्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

आणि नवा संच घेण्याआधी एक करून पाहा. झाकणाच्या फक्त दोन काचेच्या बरण्या घ्या. एकीत लोणचे, दुसरीत चिंचेचा कोळ. सहा महिने वापरा. त्यांची सवय लागली तर बेकिंग डिशचा विचार करा, तोही घरात ओव्हन असेल तरच.