उसनं मलम नको गं बाई!

मैत्रिणींनो, ताम्हिणीकडून पाऊस एकदा उतरला, की आमच्या मुळशीत चार-चार दिवस उघडीप नाही. स्वयंपाकघरात दोऱ्या बांधल्या तरी कपडे दमटच. तेच अंगात घालायचे, आणि मग परकराच्या नाडीखाली खाज सुटते. सांगायची लाज नि खाजवायचीही लाज!

मागच्या आषाढात माझं तसंच झालं. जाऊबाईंनी आपली ट्यूब दिली. "लाव गं, दोन दिवसांत जातं." खरंच गेलं! पण ट्यूब संपली आणि आठवड्यात रुपयाएवढा चट्टा बशीएवढा झाला. पंचा एकच, त्यामुळे धाकटीच्या मांडीवरही तसाच उठला.

डॉक्टरीणबाईंनी ट्यूब पाहून कपाळाला हात लावला. खाज होती गजकर्णाची, म्हणजे बुरशीची. आणि मलमात होतं स्टिरॉइड. ते खाज नि लाली दाबतं, बुरशी मारत नाही. उलट तिला मोकळं रान मिळतं. फार दिवस लावलं तर कातडी पातळ होते. २०१८ साली सरकारने अशी बरीच मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला, तो उगीच नव्हे.

तेव्हा एवढं लक्षात ठेवा. ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन यांतलं नाव दिसलं तर ते स्टिरॉइड. डॉक्टरांनी दिलं तर पातळ थर, आणि सांगितले तेवढेच दिवस. चेहऱ्याला किंवा बाळाच्या लंगोटाखाली आपल्या मनाने कधीही लावू नका. झाकल्या जागी औषध अंगात जास्त जिरतं. घामोळं आलं किंवा डास चावला तर कॅलामाइन चालतं. बाटली हलवून कापसाने टिपावं, जखमेवर मात्र नको. लिंबू-चुन्याचे प्रयोग तर नकोतच, कातडी भाजते.

गजकर्ण असेल तर अंग कोरडं करून मगच कपडे घाला, दमट कपड्यांवर इस्त्री फिरवा, पंचे वेगळे ठेवा. डाग दिसेनासा झाला तरी डॉक्टर सांगतील तोवर औषध सोडू नका.

आम्हा मायलेकींना बरं व्हायला दीड महिना लागला. जाऊबाईंना मी काही बोलले नाही. त्यांनाही ती ट्यूब कुणीतरी मायेनेच दिली होती! वाटीभर साखर उसनी मागा, लग्नाला पैठणीही मागा. मलम मात्र ज्याचं त्याला.