रीळ बदलण्याचा क्षण
महाराष्ट्रातील जत्रांच्या तंबू सिनेमात, म्हणजे टुरिंग टॉकीजमध्ये, एकच प्रोजेक्टर असल्यास २,००० फुटांचे ३५ मिलिमीटर रीळ सुमारे २२ मिनिटांत संपले की खेळ थांबे. दोन यंत्रे असली, तर पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यातील पहिल्या ठिपक्याला दुसऱ्याची मोटर सुरू करून, काही सेकंदांनी उमटणाऱ्या दुसऱ्या ठिपक्याला चित्र आणि ध्वनी एकदमच बदलावे लागत. हे दुरून, एका बटणाने साधायचे, तर प्रकाश अडवणाऱ्या झडपांना विद्युतचुंबक बसवून एक उघडताच दुसरी मिटेल अशी जोडणी करतात आणि ध्वनीची तार त्याच स्विचच्या स्वतंत्र संपर्कावर घेतात. क्षणिक विजेसाठीच बनवलेल्या चुंबकात प्रवाह चालू राहिला, तर गुंडाळी जळते. गावोगावी नेल्या जाणाऱ्या यंत्रांत मात्र खरी कटकट सतत काढघाल होणाऱ्या प्लगांचीच.