हिरवंगार म्हणजे निरोगी नव्हे

या विकांताला कोडबिड काही नाही, थेट माती.

तर झालं असं. संक्रांतीनंतर कोल्हापूरच्या घरी गच्चीवर मिरचीची सहा रोपं लावली. मी पुण्याला नोकरीला, घरी येणार फक्त शनिवारी. आणि शनिवारी आलो की रोपांसाठी 'काहीतरी करावं' असं वाटायचंच. घरात उसासाठी आणलेल्या युरियाचं पोतं होतं. प्रत्येक कुंडीला चहाचा एक चमचा. पुढच्या शनिवारी परत एक. तिसऱ्या शनिवारीही!

पहिले दोन आठवडे मी खुश होतो. पानं अशी गर्द हिरवी की फोटो काढून मित्रांना पाठवले. तिसऱ्या आठवड्यानंतर शेंडे खाली वळायला लागले, घारीच्या नखासारखे. खोड लुसलुशीत, पानांच्या कडा करपलेल्या, मागच्या बाजूला मावा. फुलाचा पत्ता नाही. आबांनी एका कुंडीत बोट घातलं आणि म्हणाले, "आरं, खत घातलंस का मीठ? बारकं प्वार हाय ते, त्याला जेवणावळ कशाला?"

मग माझ्यातला इंजिनिअर जागा झाला (उशिरा!). हिशोब केला. युरियात नत्र ४६ टक्के. चमचाभर म्हणजे साधारण ४ ग्रॅम, तीन चमच्यांत नत्र साडेपाच ग्रॅम. सुरू उसाला शिफारस आहे हेक्टरी २५० किलो नत्राची. हेक्टरभर जमिनीचा वरचा अर्ध्या फुटाचा थर ढोबळमानाने २२ लाख किलो. म्हणजे माझ्या कुंडीतल्या १० किलो मातीच्या वाट्याला यायला हवं सव्वा ग्रॅमच्याही आत, तेही उसासारख्या खादाड पिकाला, अख्ख्या हंगामासाठी. मी वीतभर रोपाला तीन आठवड्यांत जवळजवळ पाचपट घातलं होतं.

आता उपाय. माझी पहिली बुद्धी म्हणजे अजून काहीतरी घालायचं. पोटॅश, सूक्ष्म अन्नद्रव्यं, एखादं टॉनिक. आबांनी हात धरला. खत बंद. कुंडीचं खालचं भोक मोकळं आहे ना ते बघायचं आणि कुंडीच्या मापाच्या दुप्पट-तिप्पट साधं पाणी सावकाश ओतून निथळू द्यायचं. नायट्रेट पाण्याबरोबर वाहून जातं. अमोनियम मात्र मातीच्या कणांना धरून बसतं, ते लगेच जात नाही. म्हणून वरच्या मातीत थोडं बारीक केलेलं पाचट मिसळलं. ते कुजवताना मातीतले जिवाणू नत्र स्वतःच वापरून टाकतात. मग वरची माती सुकेपर्यंत पाणी नाही. करपलेली पानं परत बरी होत नाहीत, तिकडे बघायचंच नाही. नवीन पान कसं येतंय ते बघायचं. सहापैकी चार रोपं वाचली. दोन गेली.

इथपर्यंत ही माझ्या मूर्खपणाची गोष्ट. पण खरी गोष्ट पुढे आहे.

त्याच महिन्यात आबांनी आमच्या दीड एकर उसाला ठरल्यापेक्षा एक पोतं युरिया जास्त टाकला. मी म्हटलं, "आबा, तुम्हीच मला शिकवलंत ना?" तर म्हणाले, "शेजारच्याच्या उसाला काळोखी बघ की. आपला फिक्का दिसतोय."

मला राग आला, पण नंतर वाटलं, आबा चुकतायत कुठे? ४५ किलोचं पोतं २६६ रुपये ५० पैशांना मिळतं. १ एप्रिल २०१० पासून स्फुरद आणि पालाशची खतं नवीन अनुदान योजनेत गेली, युरिया मात्र बाहेर राहिला आणि स्वस्तच राहिला. म्हणजे सगळ्यात स्वस्त तेच, आणि चार दिवसांत पीक हिरवं करून दाखवणारंही तेच. कोण नाही टाकणार?

दुसरं म्हणजे ऊस जातो वजनावर. नत्र जास्त झालं की ऊस उशिरा पक्व होतो, साखर कमी भरते, पावसाळी वाऱ्यात लोळतो. पण एफआरपी ठरते अख्ख्या कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर. माझ्या बापाच्या उसात साखर किती, हे त्याच्या बिलात कुठेच दिसत नाही. गुऱ्हाळावर मात्र दिसतं! युरिया जास्त झालेल्या उसाचा गूळ नीट बसत नाही, रंग बिघडतो, भाव पडतो. म्हणून गुळाला ऊस घालणारा माणूस हात आखडून खत टाकतो. माणूस तोच, जमीन तीच. फक्त चुकीची किंमत त्याला कळते.

आमच्या धंद्यातही हेच. जे मोजाल तेच वाढतं. ओळी मोजल्या तर ओळी वाढतात, प्रोग्रॅम सुधारतोच असं नाही.

त्यामुळे 'शेतकऱ्याला अक्कल नाही' असं शहरात बसून म्हणणाऱ्यांशी मी आता भांडतो. अक्कल आहेच. उसाच्या प्रतीचा फायदा ज्याचा त्याला मिळाला आणि युरियाइतकीच सवलत शेणखताला, पालाशला मिळाली, तर पोती आपोआप कमी होतील. नुसत्या भाषणांनी नाही. आणि ते जास्तीचं नत्र कुठे जातं? कुंडीतलं माझ्या गच्चीच्या पन्हाळीत गेलं. रानातलं विहिरीत आणि पंचगंगेत जातं.

असो. मागच्या आठवड्यात वाचलेल्या एका रोपाला पहिलं फूल आलं. पानं आता फिकट हिरवी आहेत. आबांना दाखवलं, तर म्हणाले, "आता बरं हाय." मग जरा वेळ गप्प बसून स्वतःच म्हणाले, "पुढच्या बारीला माती तपासून घेऊया."

मी लगेच कॅलेंडरवर लिहून ठेवलंय :)