रुळांवरचे बैल

मांजलपुरात राहावयास येऊन आम्हांस चाळीसहून अधिक वर्षे झाली. आम्ही आलो तेव्हा दांडिया बाजारातील नातलग विचारीत, "इतक्या लांब कशास जाता?" शेते विकली गेली होती, रस्ते व्हावयाचे होते, पत्ता शहराचा आणि रात्रीचा अंधार मात्र गावाचा. आज मांजलपूर शहराच्या पोटात आहे आणि 2012 पासून विधानसभेची निवडणूकही त्याच्या नावाने होते. पण गाव संपून शहर नेमके कोणत्या दिवशी सुरू झाले, असे कोणी विचारले तर मला सांगता येणार नाही. मध्ये पुष्कळ वर्षे अशी गेली की ते धड गावही नव्हते आणि धड शहरही नव्हते. माणसाच्या आयुष्यातही अशी वर्षे येतात. या वेळी त्यांविषयीच लिहावे असे वाटले, आणि त्याला कारणही तसेच घडले.

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीतील एक गृहस्थ सकाळच्या फेरीत भेटले. वय पंचेचाळीसच्या आसपास; मला काका म्हणतात. सोळा वर्षे एका कारखान्यात होते, ते खातेच बंद झाले. काही वेळ मुकाट चालल्यावर म्हणाले, "काका, नोकरी गेली ते एक वेळ सोसेन, पण हे मधले दिवस खायला उठतात. पुढचे ठरत नाही, मागचे राहिले नाही. सकाळी उठून कोणते कपडे घालावेत, हेदेखील कळत नाही."

त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नाही. घरी आल्यावर मात्र प्रतापनगरच्या छोट्या गाडीची गोष्ट आठवली. डभोई ते मियागाम हा सुमारे 20 मैलांचा, अडीच फूट रुंदीचा लोहमार्ग 1862 मध्ये खंडेराव महाराजांच्या कारकीर्दीत झाला. हिंदुस्थानातील अरुंद मापाच्या रेल्वेचा आरंभ या मार्गाने झाला, याचा आपणांस अभिमान असतो. पण त्यावर प्रथम गाडी ओढली ती बैलांनी! रूळ हलके होते, इंजिनाचा भार त्यांस पेलत नव्हता. 1873 मध्ये जड रूळ घालण्यात आले आणि पुढे इंजिने नियमित धावू लागली. म्हणजे दहा वर्षांहून अधिक काळ लोखंडी मार्गावर बैल चालत होते. पाहणाऱ्यास ते दृश्य हास्यास्पदही वाटले असेल. परंतु माल पोहोचत होता, आणि मार्ग मोडीत निघाला नाही. जे नवे यावयाचे आहे ते येईपर्यंत जुन्या बळावर काम चालू ठेवणे, यात कमीपणा कसला?

आपल्या बडोदेकर मराठी कुटुंबांच्या स्मरणात असा मोठा मधला काळ म्हणजे 1949 चा. 1 मे 1949 रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. पिढ्यान्‌पिढ्या ज्या राज्याची चाकरी केली ते राज्यच नकाशावरून गेले. माझे वडील तेव्हा एकतीस वर्षांचे, संस्थानच्या नोकरीत कारकून होते. आपला हुद्दा कोणत्या हुद्द्याच्या तोलाचा धरतील, ज्येष्ठता कोठून मोजतील, पेन्शनीचे काय होईल, असे प्रश्न घरोघर होते. आमच्या वाड्याच्या ओट्यावर रोज संध्याकाळी बैठक जमे आणि रोज नवी बातमी येई. आदल्या दिवशीची बातमी खोटी ठरलेली असे, त्याचे कोणास काही वाटत नसे.

वडिलांनी स्वतःस एक शिस्त लावून घेतली होती, असे आई सांगे. ओट्यावर अर्धा तास बसावयाचे आणि उठावयाचे. मग कंदिलापाशी मुंबई राज्याचे सेवानियम घेऊन बसावयाचे. बडोद्याचा कारभार गुजरातीतून चाले. सयाजीराव महाराजांनी राज्यकारभारातील शब्दांचा कोशही 1931 मध्ये करविला होता, 'श्री सयाजी शासन शब्दकल्पतरु' या नावाचा. वडिलांची लेखणी त्या शब्दांवर घडलेली. आता मसुदे इंग्रजीत करावयाचे होते. मॅट्रिकपर्यंतचे इंग्रजी गंजले होते. ते रोज एक पान उतरून काढीत, अडलेल्या शब्दांचा अर्थ समासात लिहीत. ती वही अजून आमच्याकडे आहे. पहिल्या पानांवर समास गच्च भरलेला आहे. शेवटच्या पानांवर तो जवळजवळ कोरा आहे.

या अभ्यासाने त्यांचे प्रश्न सुटले काय? बढती तर पुढे बऱ्याच उशिराने मिळाली. पण वर्षभरात असे झाले की, ओट्यावरील मंडळी आपले अर्ज लिहवून घेण्यासाठी त्यांच्याकडे येऊ लागली. बरोबर अकरा वर्षांनी, 1 मे 1960 रोजी, मुंबई राज्याचेही दोन भाग झाले आणि पुन्हा तीच धांदल उडाली. काही सहकारी महाराष्ट्रात गेले. वडील येथेच राहिले. या खेपेस ते ओट्यावर अर्धा तासही बसले नाहीत, असे आई हसून सांगे.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. महाराजा सयाजीराव विद्यापीठाची स्थापना 30 एप्रिल 1949 ची, म्हणजे विलीनीकरणाच्या आदल्या दिवसाची. हंसाबेन मेहता त्याच्या पहिल्या कुलगुरू. उद्या राज्य राहणार नाही हे ठाऊक असताना पुढच्या पिढीची सोय करून ठेवावी, याला मन खंबीर लागते. त्या विद्यापीठात मी शिकलो, माझी मुले शिकली.

एवढा वारसा असूनही माझी वेळ आली तेव्हा मी शहाणपणाने वागलो नाही, हेही सांगितले पाहिजे. 1990 नंतरच्या त्या दशकात माझा कारखाना बंद पडला. मी घरी सांगितलेच नाही. तीन आठवडे नेहमीच्या वेळी डबा घेऊन निघे आणि कमाटीबागेत जाऊन बसे. संध्याकाळी ठरलेल्या वेळी परत. एका रात्री पत्नी जेवण वाढता वाढता म्हणाली, "उद्यापासून डबा नको ना? घरीच गरम पोळी खा." मी वर पाहिले. ती म्हणाली, "तुमच्या सदऱ्याला तेलाचा वास येईनासा झालाय. वीस दिवस मीच कपडे धुते आहे."

त्या रात्री आम्ही वही घेऊन बसलो. हाती किती आहे, कोणाचे देणे आहे, मुलांची फी कधी भरावयाची, काटकसरीने किती महिने निघतील, हे सारे लिहिले. आकडा सात महिन्यांचा निघाला. तीन आठवडे बागेत बसून मला जे भय वाटले होते, त्याहून हा आकडा पुष्कळ बरा होता. दुसऱ्या दिवशी मुलांस सांगितले. शेजारच्या गुजराती बाईंनी ऐकले तेव्हा "थई जशे" एवढेच म्हणाल्या आणि त्यांच्या दिरांच्या शेतावरील पंपाची बिघडलेली मोटार माझ्याकडे पाठविली. चौदा महिने मी मोटारी दुरुस्त केल्या. मग नोकरी मिळाली. पगार पहिल्यापेक्षा कमी होता. ते चौदा महिने म्हणजे माझे रुळांवरचे बैल.

कमाटीबाग म्हटली की आणखी एका माणसाची आठवण होते, आणि ती होताना मान खाली जाते. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1913 मध्ये अमेरिकेस जाऊन शिकले आणि करारानुसार 1917 मध्ये येथे नोकरीवर रुजू झाले. एवढ्या विद्वानास या शहरात राहावयास खोली मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहावे लागले; अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने तेथूनही निघावयास सांगितले. दोघा परिचितांकडे त्यांनी आसरा मागितला. दोघांनीही काही ना काही कारण सांगितले. मुंबईची गाडी रात्रीची होती. तोवर ते याच बागेत बसून राहिले. त्या जागेस आज संकल्पभूमी म्हणतात.

त्यांच्या दुःखाशी माझ्या डब्याची तुलना करण्याचा अविवेक मी करणार नाही. मी स्वतःच्या लाजेने घर टाळून बसलो होतो. मला घर होते. त्यांस समाजाने घर नाकारले होते. पण त्यातून एक गोष्ट आपण सर्वांनी शिकावी. अस्थिर काळातील माणसास धीर धर म्हणणे सोपे आहे. त्याच्याजवळ धीर असतोही. नसते ते टेकावयास ठिकाण. हुशारी, पदवी, सनद सारे हाती असून दारे बंद राहिली, तर माणसास गाव सोडावे लागते. ते नुकसान मग गावाचे असते. तेव्हा ज्याचे दिवस मधले चालले आहेत त्याने काय करावे, या प्रश्नाइतकाच त्याच्या शेजाऱ्यांनी काय करावे, हाही प्रश्न आहे. "काही लागले तर सांगा" असे म्हणून आपण मोकळे होतो. त्या गुजराती बाईंनी मला तसे म्हटले नाही; त्यांनी मोटार पाठविली.

असो. त्या गृहस्थांस मी रविवारी चहास बोलाविले, आणि एकटे न येता सूनबाईंस घेऊन या, असे बजावले. दोघे आले. आमच्या हिने जुनी वही काढून दाखविली. सूनबाई बराच वेळ ती पाने चाळीत होत्या. मग त्यांनी कोऱ्या कागदावर त्यांच्या घरचे आकडे मांडावयास सुरुवात केली, आणि ते गृहस्थ प्रथमच मोकळेपणाने बोलू लागले. त्यांस संगणकावर यंत्रांची आरेखने करता येतात, हे मला त्या दिवशी कळले. ओळखीच्या एका कारखानदारास मी विचारले आहे. त्याच्याकडे थोडे काम आहे, कायमचे नाही.

नोकरी अजून मिळालेली नाही. सकाळच्या फेरीत ते अजूनही भेटतात. अलीकडे सूनबाईही बरोबर असतात.