आचाऱ्यांची बिदागी आचार्यांना

डोंबिवलीहून सकाळी सातच्या सुमाराची फास्ट लोकल पकडणाऱ्या बाईला वाचायचं असेल, तर ते एका हाताने वाचता आलं पाहिजे. दुसरा हात वरच्या कडीला. जाडजूड कादंबरी एका हातात उघडी धरून पान उलटून दाखवावं कुणीतरी. म्हणून माझ्या पर्समध्ये सहा इंची ई-रीडर असतो. लेडीज डब्यातल्या माझ्या मैत्रिणी त्याला ‘तुझी पाटी’ म्हणतात.

मला यंत्रांचा शौक आहे, हे आधीच कबूल करते. दिवसभर दुसऱ्यांचे हिशेब लिहिते आणि रविवारी स्क्रूड्रायव्हर घेऊन बसते. तरीही ई-रीडरबद्दलचं माझं प्रेम शौकाचं नाही, सोयीचं आहे. त्याच्या पडद्यात काळ्या-पांढऱ्या कणांच्या बारीक कुप्या असतात. वीज लागते ती मुख्यतः पान बदलताना. अक्षरं एकदा उमटली की तशीच बसून राहतात. त्यामुळे चार्जिंग आठवडे-आठवडे पुरतं आणि भर उन्हात फलाटावरसुद्धा कागदासारखं वाचता येतं. फोनवर वाचू नये असं माझं मत आहे, पण डोळ्यांमुळे नव्हे. तिसऱ्या पानावर सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याच्या टँकरचा निरोप येतो आणि कादंबरी तिथेच संपते. कागदाच्या वासाबद्दल हळवं होणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. आमच्या घरी जुलैत कागदाला जो वास येतो त्यावर कुणी कविता करणार नाही.

डिसेंबर २०१६ मध्ये किंडलवर मराठी पुस्तकं मिळू लागली, तेव्हा मी हरखून गेले होते. पहिल्या काही महिन्यांतच बरीच घेतली. माझी तक्रार तिथूनच सुरू होते, आणि ती यंत्राबद्दल नाही.

एका ई-पुस्तकात (प्रकाशकाचं नाव घेत नाही) लग्नघरातला प्रसंग होता. जेवणावळी उरकल्या आणि यजमानांनी आचार्यांना बिदागी दिली. मी दोनदा वाचलं. मुंडावळ्या बांधलेल्या घरात हे विद्वान आले कुठून? दिवा गेल्यावर प्रकाश पडला. ते आचारी होते! ‘आचाऱ्यांना’मधला र मोडून त्याचा रफार झाला होता आणि स्वयंपाक्यांची बिदागी थेट पंडितांच्या खिशात गेली होती. पुढे ‘आणि’चं ‘आिण’ झालेलं, ‘सूर्य’चा ‘सूयर्’ झालेला. तीनशे पानांत असे खडे किती लागले ते मोजणं मी ठाण्यालाच सोडून दिलं.

हे का होतं ते मला माहीत आहे, कारण हाच खेळ मी घरी खेळले आहे. बाबा माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झाले आणि २००३ साली त्यांनी आठवणी लिहिल्या. कोपऱ्यावरच्या डीटीपीवाल्याकडून टंकून घेतल्या, वीस प्रती वाटल्या, फाइल सीडीवर ठेवली. ते गेल्यावर मी ती सीडी लावली तर पडद्यावर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा चिखल. त्या काळच्या फाँटांची तऱ्हाच तशी होती. इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले. तो फाँट संगणकात असेल तर मराठी, नसेल तर भुताची भाषा. शिवाय जुन्या फाँटात वेलांटी दिसते तशी टंकायची, म्हणजे अक्षराच्या आधी. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम: आधी ण, मग वेलांटी. रफाराचं नेमकं उलट. दिसतो य च्या डोक्यावर, पण युनिकोडमध्ये र आधी लिहावा लागतो. फाइल बदलताना हा क्रम फिरवायला विसरलं की ‘आिण’ आणि ‘सूयर्’ तयार.

सीडी लावली ती २०१४ च्या लॅपटॉपमध्ये, कारण नव्याला सीडीची खाचच नाही. हा जुना लॅपटॉप नाक्यावरच्या दुरुस्तीवाल्याने ‘मॅडम, भंगारात द्या’ म्हणून परत केला होता. मी त्याची हार्ड डिस्क काढून एसएसडी घातली, रॅम चारची आठ केली आणि लिनक्स टाकलं. विंडोज ११ त्याच्यावर रीतसर चढत नाही, टीपीएमची नवी चिप हवी म्हणे. आणि विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. असे किती धडधाकट लॅपटॉप केवळ या कारणाने भंगारात गेले असतील, या विचाराने माझ्यातली हिशेबनीस अस्वस्थ होते. माझा मात्र ठणठणीत आहे. त्याच्यावरच मी बाबांची फाइल कन्व्हर्टरमधून काढली आणि मग छापील प्रत शेजारी ठेवून ओळ न् ओळ तपासली. एकशे बारा पानं, एक अख्खा पावसाळा. ‘कारखान्याचा भोंगा’ या प्रकरणात बाबांच्या स्वतःच्याच शुद्धलेखनाच्या सात चुका सापडल्या. त्या तशाच ठेवल्या.

माझा मुद्दा एवढाच, की मी बिनपगारी जे एका पावसाळ्यात केलं, ते पुस्तक विकणाऱ्याने विकण्याआधी करायला हवं. आपल्याकडची पुस्तकं वर्षानुवर्षं पेजमेकरवर जुळली. त्याला युनिकोड कधी आलंच नाही, हे मान्य. पण मराठी नीट जुळवणारी आजची सॉफ्टवेअर बरीच वर्षं बाजारात आहेत. छापील पुस्तकाची दोन-दोन प्रुफं तपासतात आणि ई-पुस्तक मात्र कन्व्हर्टरने ओकलं तसं दुकानात. वर ते कुलूपबंद. चुका मी स्वतः दुरुस्त करीन म्हटलं तरी सोय नाही. २००९ मध्ये ऑर्वेलची ‘१९८४’ लोकांच्या विकत घेतलेल्या किंडलवरून परस्पर पुसली गेली होती, हे मी अजून विसरलेले नाही.

तेव्हा प्रकाशकहो, पुढचं पुस्तक निघेल तेव्हा डीटीपीवाल्याकडून युनिकोड फाइल मागून घ्या. ई-पुस्तक बाजारात सोडण्याआधी मुद्रितशोधकाच्या हातात एक सहा इंची ‘पाटी’ द्या आणि पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायला सांगा. त्यांच्या कामाचे पैसे किमतीत धरा. छापील पुस्तकाइतकी किंमत लावलीत तरी मी घेईन.