अग्निबाणाचे वेड आणि वडीलधाऱ्यांचे कर्तव्य

यवतमाळ जिल्ह्यातील महागाव तालुक्यात फुलसावंगी नावाचे गाव आहे. २०२१ सालच्या ऑगस्ट महिन्यात तेथील एका चोवीस वर्षांच्या तरुणाने मोटारगाडीचे एंजिन बसवून स्वहस्ते तयार केलेल्या हेलिकॉप्टरची चाचणी घेतली, आणि फिरत्या पंख्याचे पाते मस्तकावर आदळून त्या चाचणीतच त्याचा अंत झाला. त्याचे शिक्षण आठवीपर्यंत झालेले होते, धंदा वेल्डिंगचा होता, आणि दोन वर्षे तो या यंत्राच्या मागे लागला होता. वृत्तपत्रांनी त्याच्या जिद्दीची वर्णने छापली, लोकांनी हळहळ व्यक्त केली, आणि विषय संपला. आमच्या मते तो संपलेला नाही; उलट तो आता अधिक गंभीर रूपाने पुढे येणार आहे.

याचे कारण असे की, तरुणांच्या मनाला आता हेलिकॉप्टरपेक्षा अग्निबाणाने अधिक भुरळ घातली आहे. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्रावर उतरले तेव्हापासून तर विज्ञानप्रदर्शनात अग्निबाणाची प्रतिकृती नाही अशी शाळा विरळाच! पुणेमुंबईच्या विद्यार्थ्यांनी याही पुढची मजल मारली आहे. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा ‘स्वयम्’ आणि मुंबईच्या आय. आय. टी.चा ‘प्रथम’ हे विद्यार्थ्यांनी बांधलेले उपग्रह २०१६ साली अवकाशात गेले. मग यवतमाळ-पुसदच्या विद्यार्थ्याने उपग्रह नव्हे, तर तो वाहून नेणाऱ्या अग्निबाणाचे एंजिनच का करू नये, असे मनात आणले तर त्यात नवल ते काय? ही आकांक्षा स्तुत्य आहे. परंतु नुसत्या स्तुतीने जीव वाचत नाही, हा फुलसावंगीचा धडा आहे.

अग्निबाणाचे एंजिन दिसायला अगदी साधे असते. एका बाजूने बंद असलेली नळी, तिच्यात इंधन, आणि दुसऱ्या बाजूला आधी अरुंद होऊन पुन्हा रुंदावणारे तोंड. आतला तप्त वायू त्या तोंडातून वेगाने बाहेर पडतो आणि नळी उलट दिशेने ढकलली जाते. न्यूटनचा तिसरा नियम शिकलेल्या कोणत्याही मुलाला हे समजते. आणि धोका नेमका या साधेपणात आहे.

उदाहरण म्हणून ५ सेंटिमीटर व्यासाची आणि २ मिलिमीटर जाडीची पोलादी नळी घेऊ. आतला दाब दर चौरस सेंटिमीटरला ४० किलो असेल, तर नळीच्या पत्र्यावर दर चौरस सेंटिमीटरला ५०० किलो ताण येतो. साधे पोलाद सुमारे अडीच हजार किलोपर्यंत टिकते. म्हणजे पाचपट मोकळीक आहे, असे विद्यार्थी वहीत लिहितो आणि निश्चिंत होतो. पण इंधनाच्या कांडीला केसाएवढी भेग पडलेली असली, तर जळणारा पृष्ठभाग अचानक वाढतो, आणि तो जेवढ्या पटीने वाढतो त्याहून अधिक पटीने दाब वाढतो. त्यातच तोंडाशी एखादा तुकडा अडकला, उष्णतेने पोलाद नरम झाले किंवा वेल्डिंगचा सांधा कच्चा राहिला, तर ती पाचपट मोकळीक एका क्षणात नाहीशी होते. मग ते एंजिन राहत नाही, तो बाँब होतो. फुलसावंगीच्या यंत्रातले एंजिन निदान कारखान्यात तपासलेले होते. विद्यार्थ्याने घरी केलेल्या नळीला तेवढाही आधार नसतो.

हे भय काल्पनिक नाही. मॅक्स व्हालिएर हा या विद्येच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक. १७ मे १९३० रोजी बर्लिनमध्ये एंजिनाची चाचणी घेत असताना स्फोट झाला आणि धातूचा तुकडा छातीत घुसून तो मरण पावला. इतक्या दूरही जावयास नको. नागपूरजवळ बाजारगाव येथील स्फोटकांच्या कारखान्यात १७ डिसेंबर २०२३ रोजी स्फोट होऊन नऊ कामगार मृत्युमुखी पडले. परवाना आणि अनुभवी कारागीर असलेल्या ठिकाणी जर हे घडू शकते, तर घराच्या गच्चीवर किंवा वसतिगृहाच्या मागे काय घडेल, हे सांगण्यास ज्योतिषी नको.

मग बंदी घालावी काय? ‘हे तुझे काम नव्हे, अभ्यास कर,’ असे म्हणून मोकळे होणारे वडीलधारे आपल्याकडे थोडे नाहीत. पण बंदीने कुतूहल मरत नाही. ते फक्त अंधारात जाते, आणि अंधारात त्याला ना सल्ला मिळतो, ना साक्षीदार. १९३६ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या तंत्रविद्या संस्थेतील फ्रँक मॅलिना हा विद्यार्थी आणि त्याचे मित्र असेच उद्योग करू लागले. एकदा त्यांच्या हातून इमारतीत विषारी वायू सुटला. संस्थेने त्यांना इमारतीबाहेर काढले. पण त्यांचे काम बंद पाडले नाही. थिओडोर फॉन कार्मान यांच्यासारखा जगन्मान्य प्राध्यापक त्यांच्या पाठीशी उभा राहिला. त्या टोळीला सहाध्यायी थट्टेने ‘आत्मघाती पथक’ म्हणत. तिच्यातूनच पुढे जेट प्रोपल्शन लॅबोरेटरी ही विख्यात संस्था जन्मास आली.

रशियाने १९५७ साली स्पुटनिक सोडल्यानंतर त्याच देशात दुसरा प्रसंग उद्भवला. शाळकरी मुले तळघरात अग्निबाण करू लागली आणि हातपाय गमावू लागली. तेव्हा जाणत्यांनी एक व्यवहारी तोड काढली: एंजिन मुलांनी करावयाचे नाही, ते कारखान्यात तयार झालेले, ठरावीक शक्तीचे घ्यावयाचे, बाणाचे अंग धातूचे नव्हे तर पुठ्ठ्याचे आणि हलक्या लाकडाचे करावयाचे, आणि काडी लावावयाची नाही, दूर उभे राहून विजेच्या तारेने ठिणगी पाडावयाची. या तीन नियमांनी जे साधले ते शंभर उपदेशांनी साधले नसते.

आपल्या देशालाही हा विवेक परका नाही. श्रीहरिकोट्याहून १० ऑगस्ट १९७९ रोजी सोडलेला एस. एल. व्ही.-३ हा अग्निबाण समुद्रात कोसळला. कोणाच्या जिवाला धक्का लागला नाही. दोष शोधले गेले आणि १८ जुलै १९८० रोजी तोच प्रयत्न यशस्वी झाला. त्या वेळी तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अवकाश केंद्राची धुरा आपल्या वसंत गोवारीकरांकडे होती, आणि घन इंधन हा तर त्यांचा खास विषय. अपयश पचविण्याची सोय आधी करून ठेवावी आणि मगच साहस करावे, हे या क्षेत्रातले खरे शास्त्र आहे. श्रीहरिकोट्याला ती सोय होती. फुलसावंगीच्या तरुणाला नव्हती. फरक बुद्धीचा नव्हता, व्यवस्थेचा होता.

ही व्यवस्था यवतमाळ जिल्ह्यात उभी करणे अशक्य आहे असे आम्हांस वाटत नाही. पुसदला बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, यवतमाळला जवाहरलाल दर्डा अभियांत्रिकी संस्था आहे. शाळांनी पाणी आणि दाबलेली हवा यांवर उडणाऱ्या बाटलीच्या बाणापासून आरंभ करावा. त्यात न्यूटन पुरता कळतो आणि आग लागत नाही. महाविद्यालयांनी वस्तीपासून दूर, जाड भिंतीआड, एक चाचणीचा ओटा बांधावा. त्यावर एंजिन घट्ट जखडून ते किती रेटा देते आणि किती वेळ देते, हे दुरून मोजावे. विद्यार्थ्याला अभियंता बनविते ते हे मोजमाप. उड्डाण हा त्याचा शेवटचा अध्याय होय.

कायद्याची अडचण पुढे केली जाईल. १८८४ चा स्फोटक कायदा आणि २००८ चे नियम कडक आहेत, आणि ते कडकच असावेत; काड्यांचे गूल किंवा फटाक्यांची दारू एकत्र करून घरी इंधन रांधण्यास मुभा देता कामा नये. पण याच कायद्याचा अंमल पाहणाऱ्या पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटनेचे मुख्यालय आपल्या नागपुरात आहे. तिने महाविद्यालयांसाठी तयार एंजिने मिळविण्याची, साठविण्याची आणि चाचणी घेण्याची सोपी, लेखी पद्धत घालून द्यावी. सरळ वाट बंद असली की माणसे आडवाटेने जातात.

एक गोष्ट मात्र विसरता कामा नये. फुलसावंगीचा तरुण महाविद्यालयाच्या दारापर्यंत पोहोचलेलाच नव्हता. म्हणून चाचणीचा हा ओटा केवळ पदवीच्या विद्यार्थ्यांपुरता राखून ठेवला, तर ज्याला त्याची सर्वांत अधिक गरज आहे तो बाहेरच राहील. महिन्यातून एक दिवस तरी महाविद्यालयाने आपले दार वेल्डरला, फिटरला, आय. टी. आय.च्या पोराला उघडावे. त्याचे कागद पाहावेत, त्याचा सांधा ठोकून पाहावा, आणि ‘हे आज चालवू नकोस’ असे त्याला समजेल अशा भाषेत सांगावे. त्या रात्री फुलसावंगीत हे एवढे एक वाक्य बोलणारा जाणता माणूस जवळ नव्हता. तो माणूस प्रत्येक तालुक्याला मिळवून देणे हे शासनाचे, विद्यापीठाचे आणि आपणा सुशिक्षितांचे काम आहे. ते आपण केले नाही, तर पुढच्या तरुणासाठी हळहळण्याचा अधिकार आपणांस उरणार नाही.